मधे न येणं: खानापूर तालुक्यातल्या एका मौनप्रार्थना गटाचं प्रकरण

हे लिहिण्याआधी मी दोघींना विचारलं, आणि लिहून झाल्यावर दोघींनाही वाचून दाखवलं. एक म्हणजे गट चालवणाऱ्या बाई, दुसऱ्या त्या गटातल्या मावशी. मावशींनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. गावाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बेळगावपासून तासाभरावरचं, खानापूर तालुक्यातलं, पावसाळ्यात चार महिने भिजत राहणारं एक गाव, एवढं पुरे.

आम्ही काही जण बेळगावात एक छोटा वर्ग चालवतो. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे कॅथलिक पॅरिशमध्ये, मौनप्रार्थनेचा गट चालवू इच्छिणाऱ्या आणि एकांतदिवस, म्हणजे मिळून मौनात घालवायचा दिवस, घेऊ इच्छिणाऱ्या साध्या माणसांसाठी तो आहे. दहा शनिवार एकत्र शिकायचं, पाच दिवस स्वतः मौनात राहायचं, आणि मग प्रत्यक्ष काम: आपल्या गावात सहा बैठकांचा गट आणि शेवटी एक एकांतदिवस. या काळात प्रत्येकाला एक सोबती असतो. दर बैठकीनंतर नोंदवही घेऊन सोबत्याजवळ बसायचं. बाईंची सोबती मी होते, त्यामुळे या प्रकरणात जे चुकलं त्यातला मोठा वाटा माझा आहे.

बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली झाला. आमच्या गावांतून प्रार्थना म्हणजे प्रामुख्यानं तोंडानं म्हणायची गोष्ट: जपमाळ, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, गाणी. रिट्रीट म्हटलं की मांडव, माइक आणि तीन दिवसांची प्रवचनं. मी याला कमी लेखत नाही, माझ्या आईची सगळी श्रद्धा जपमाळेवर उभी होती. पण गप्प बसून प्रार्थना करायची, तीही दहाजणांनी मिळून, हे आमच्याकडे नवीन. खरं तर आमच्या मातीला ते मुळीच परकं नाही. मी हिंदवाडीजवळ वाढले. गुरुदेव रानडे मंदिरात नेमाला बसायला येणारी माणसं लहानपणापासून बघत आले. जमखंडीत जन्मलेले रानडे (१८८६–१९५७) तत्त्वज्ञानाचे मोठे प्राध्यापक होते, पण शेजारपाजारच्या बायकांना ते ठाऊक होते नामस्मरणासाठी. त्या बायका 'नेम चुकला' म्हणायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी हळहळ दिसायची, ती मला अजून आठवते.

आमच्या वर्गाचं शिक्षण दोन वाटांनी येतं. एक लेक्सिओ दिविना, म्हणजे पवित्र वचनाचं संथ वाचन. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या ग्विगो नावाच्या मठवासीयानं त्याच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. दुसरी वाट संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनांची. मान्रेसा गावी १५२२ साली त्यांना जे अनुभव आले त्यातून ही साधना घडत गेली, आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. त्या साधनेच्या सुरुवातीला वीस सूचना आहेत, बहुतेक साधना देणाऱ्यानं कसं वागावं याबद्दलच्या. आपल्याकडे सत्तरच्या दशकात फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात इग्नेशियसांची साधना आणि इथल्या ध्यानपद्धती एकत्र आणून कितीतरी मार्गदर्शक तयार केले. तिकडे वॉशिंग्टनला १९७३ साली टिल्डन एडवर्ड्स यांनी सुरू केलेली शालेम संस्था तर असे गट आणि रिट्रीट चालवणाऱ्यांना मुद्दाम शिकवते. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: चालवणाऱ्यानं देवाच्या आणि माणसाच्या मधे येऊ नये. आम्हीही तेच शिकवतो. कसं शिकवतो, तिथंच हे प्रकरण अडलं.

बाई आणि त्यांचा गट

बाई मराठी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. गटात अकराजण आले, नऊ बायका आणि दोन पुरुष. घरात कोकणी बोलणारे काही, मराठी बोलणारे काही, आणि बेळगावात शिकणारी एक एकोणीस वर्षांची मुलगी, तिला वाचायला कन्नडच सोपं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वचन मराठीत वाचू. देवाशी ज्याला जे येतंय त्यात बोलावं." भाषेचा प्रश्न इतक्या सहज सुटलेला मी आमच्या भागात क्वचितच पाहिलाय.

पहिल्या बैठकीला मी कोपऱ्यात बसले होते. उतारा होता बायबलमधलं स्तोत्र १३१, आईजवळ शांत झालेल्या लेकराचं. वीस मिनिटांचं मौन ठरलेलं. त्या वीस मिनिटांत बाई सात वेळा बोलल्या. "श्वासाकडं लक्ष द्या." "मन भरकटलं तर परत आणा." "पाय अवघडले असतील तर हलवा." वर्ग शांत आहे म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं चौतीस वर्षं वाटलेल्या शिक्षिकेचा तो आवाज होता. बैठक झाल्यावर मी त्यांच्या नोंदवहीत लाल पेनानं लिहिलं: 'शांतता भरू नका. मधे येऊ नका.' दुसऱ्या बैठकीत त्या दोनदाच बोलल्या. मी शाबासकी दिली.

तिसऱ्या बैठकीसाठी त्यांनी मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला वादळाचा उतारा निवडला: होडी, लाटा, उशीवर झोपलेला येशू. पद्धत इग्नेशियसांची, म्हणजे प्रसंगात मनानं स्वतः जाऊन बसायचं, बघायचं, ऐकायचं. बाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी "छान" म्हटलं. पाऊस इतका होता की त्या शनिवारी मला गावात पोचता आलं नाही.

जुलैचा दुसरा शनिवार

पुढचं मी बाईंकडून, त्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडून आणि नंतर मावशींकडून ऐकलं. तिन्ही सांगणी जुळतात.

चर्चच्या मागच्या खोलीला पत्रे आहेत. पाऊस पत्र्यांवर असा कोसळत होता की बाईंना उतारा जवळजवळ ओरडून वाचावा लागला. दाराशी छत्र्या गळत होत्या, लावणी करून आलेल्या बायकांच्या पायांना चिखलाचा वास होता. बाईंनी दार लोटून घेतलं. मेणबत्ती लावली. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. तुम्ही होडीत बसलाय. पाणी आत यायला लागलंय. बघा, कुठपर्यंत आलंय."

मावशी तिसऱ्या चटईवर भिंतीला टेकून होत्या. पन्नाशीच्या, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या, हसऱ्या, कुणाच्याही घरी बारसं असो की मयत, आधी पोचणाऱ्या. त्यांचे मालक २०१९ च्या ऑगस्टमध्ये, त्या महापुरात, ओढ्यावरून घरी येताना वाहून गेले होते. तीन दिवसांनी सापडले. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मौन सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांत मावशींचा पदर हलायला लागला. पदराचं टोक त्यांनी दोन्ही मुठींत धरलं होतं आणि मुठी थरथरत होत्या. मग श्वास तुटायला लागला. मुलीनं एक डोळा उघडून पाहिलं. तिनं बाईंकडं बघितलं. बाई ताठ बसल्या होत्या, डोळे उघडे, नजर मावशींवर, हात मांडीवर. मनगटावरचं घड्याळ त्यांनी दोनदा पाहिलं. मौनाची बारा मिनिटं उरली होती.

असं चार मिनिटं चाललं. शेवटी मुलगीच उठली, चटईवरून सरकत गेली आणि मावशींचा हात धरून म्हणाली, "मावशी, डोळे उघडा. माझ्याकडं बघा. मी आहे हितं." दार उघडून तिनं त्यांना पडवीत नेलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं कुणाच्या तरी घरून चहा आला.

आत मौन चालूच राहिलं. वेळ संपल्यावर बाईंनी ठरल्याप्रमाणे फेरी घेतली, म्हणजे प्रत्येकानं आपला अनुभव एक-दोन वाक्यांत सांगायचा. मावशींना त्यांनी आत बोलावून खुर्चीवर बसवलं होतं. फेरीत एक गृहस्थ मनापासून म्हणाले, "देवाचीच मर्जी असेल, की मावशींनी आज मोकळं व्हावं." दोघीतिघींनी मान डोलावली. बाईंनी समारोपाची प्रार्थना म्हटली.

रात्री साडेनऊला मला फोन आला. बाईंचा आवाज कोरडा होता. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, मी मधे आले नाही. तुम्ही सांगितलं होतंत तसंच."

त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही.

नोंदवहीसमोर

पुढच्या आठवड्यात बाई बेळगावला माझ्या घरी आल्या. मावशी त्या रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आल्या नव्हत्या. आमच्या पद्धतीत सोबत्यानं गटातल्या माणसाच्या मनाचं विश्लेषण करायचं नसतं. गट चालवणाऱ्याच्या आत काय झालं, तेवढंच बघायचं. म्हणून मी विचारलं, "ती चार मिनिटं तुमच्यात काय चाललं होतं?"

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वर्गात पोर असं रडलं असतं ना, तर मी खडू टाकून गेले असते."

मला या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच वाटतं. चौतीस वर्षांत त्यांच्या हातापायांत जे मुरलेलं होतं, ते आम्ही दोन शनिवारांत आणि एका लाल ओळीत काढून घेतलं. त्यांना मौन धरायला शिकवलं, पण मौन कधी सोडायचं ते शिकवलंच नाही. बोलण्याची सवय मोडायच्या भरात हात पुढे करण्याची सवयही मोडली.

मग मी दुसरं विचारलं, "हाच उतारा का घेतला?"

पुन्हा शांतता. आणि मग हळूच, "मावशींसाठी. पाऊस लागला की त्या गप्प होतात, मला दिसतं. येशू वादळ थांबवतो ना त्यात. वाटलं, धीर येईल."

म्हणजे बाई मधे आल्या होत्या. फक्त त्या मौनात आल्या नव्हत्या, त्याच्या आधी आल्या होत्या, उतारा निवडताना. मावशींना न विचारता, त्यांच्या दुःखावर कोणतं वचन लागू पडेल हे त्यांनी ठरवलं होतं. प्रेमानंच ठरवलं होतं. आणि जिथं खरंच जवळ जायला हवं होतं तिथं त्या लांब बसून राहिल्या.

आम्ही दोघींनी तेव्हा त्या वीस सूचना परत काढल्या. आम्ही ज्या पंधराव्या सूचनेवर एवढा भर देतो ती सांगते की साधना देणाऱ्यानं साधकाला कोणत्याही एका बाजूला झुकवू नये, तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, आणि निर्मात्याला आपल्या निर्मितीशी थेट वागू द्यावं. तिचा रोख आहे माणसाला एखाद्या निर्णयाकडे, व्रताकडे ढकलण्यावर. रडणाऱ्या माणसाला हात देऊ नये असं ती कुठंही म्हणत नाही. उलट सातवी सूचना सांगते की साधक खचलेला, मोहात सापडलेला दिसला तर त्याच्याशी कठोर होऊ नये, मृदू व्हावं, त्याला बळ द्यावं. अठरावी म्हणते, ज्याला जे सहज पेलेल तेवढंच त्याला द्यावं. सतराव्या सूचनेत तर आमच्या अडचणीचं उत्तर सरळच आहे: साधकाचे खासगी विचार आणि पापं उकरू नयेत, पण त्याच्या मनात उठणाऱ्या खळबळीची कल्पना साधना देणाऱ्याला असणं उपयोगाचं. आम्ही पंधरावी सूचना भिंतीवर लावली होती. सातवी कुणाला पाठही नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. इग्नेशियसांची साधना मुळात एकास एक द्यायची आहे. देणारा साधकाला भेटतो, ऐकतो, मग पुढचा उतारा देतो. आम्ही तीच पद्धत उचलून अकरा माणसांच्या खोलीत आणली, आणि एकालाही आधी भेटलो नाही. लेक्सिओमध्ये माणूस आपल्याला भावलेल्या शब्दावर आपण होऊन थांबतो, नको असेल तिथून पुढे सरकतो. प्रसंगात मनानं शिरायचं म्हटलं की बाहेर यायचं दार तितकंसं उघडं नसतं, त्यातून डोळे मिटलेले, बाहेर खरा पाऊस, आणि सांगणारी व्यक्ती 'पाणी कुठपर्यंत आलंय बघा' म्हणतेय. ज्याचं माणूस पाण्यात गेलंय त्याच्यासाठी ती कल्पना उरतच नाही.

मावशींच्या घरी

मी बाईंना एवढंच म्हटलं की भेटायला जा, प्रार्थनापुस्तक नेऊ नका, आणि समजावायला जाऊ नका.

बाई गेल्या तेव्हा मावशी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. बाई सूप घेऊन शेजारी बसल्या आणि त्यांनीही निवडायला घेतलं. बराच वेळ दोघी खडेच काढत होत्या. मग बाई म्हणाल्या, "मी थांबवायला पाहिजे होतं. माझं चुकलं. आणि तो उतारा घ्यायच्या आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

मावशी सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "मी होडीत नव्हतेच की बाई. तुम्ही होडीत बसा म्हणालात, पण मला बसायलाच येईना. मी काठावर होते. तेव्हा पण काठावरच होते."

बाईंना हे ठाऊक नव्हतं. मावशी त्या दिवशी ओढ्याच्या अलीकडच्या बाजूला कंदील घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं होतं.

थोड्या वेळानं मावशींनी जे सांगितलं ते मला अजून पुरतं पचलेलं नाही. रडू आलं त्याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं. "रडू तर यायचंच," त्या म्हणाल्या. त्यांना लागलं ते फेरीतलं वाक्य. मालक गेले तेव्हा दिवसकार्याला आलेल्या कुणीतरी हेच म्हटलं होतं: देवाची मर्जी. पाच वर्षांनी, चहाचा कप हातात असताना, सगळ्यांच्या समोर तेच परत. "देवाची मर्जी म्हणणाऱ्यांत परत कशाला बसू?"

मी इथं मुद्दाम थांबते, कारण आमच्या वर्गात चर्चा झाली तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या चार मिनिटांवरच होतं. मावशींना विचारलं नसतं तर आम्ही उतारा आणि मौन यांची दुरुस्ती करून समाधानी झालो असतो, आणि फेरी तशीच चालू राहिली असती. चूक कुठं झाली हे ज्याला लागलं त्यानंच सांगितलं. शुभवर्तमानातला बार्तीमय आंधळा आहे हे येशूला दिसत होतंच, तरी त्यानं आधी विचारलं की मी तुझ्यासाठी काय करू. हा उतारा मी वर्गात पंधरा वेळा तरी शिकवला असेन.

बाईंनी मावशींना विचारलं, झोप लागते का? पावसाळ्यात लागत नाही, म्हणाल्या. पाच पावसाळे लागलेली नाही. पत्र्यावर आवाज सुरू झाला की उठून बसतात. इथं बाईंनी जे केलं ते फार नीट केलं. "प्रार्थना करा, लागेल" असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे माझ्या हातातलं नाही मावशी. पण ज्यांच्या हातातलं आहे अशी माणसं आहेत." टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर त्यांनी तांदळाच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिला. फोन मावशींच्या पुतणीनं लावून दिला. पुढे तीच त्यांना धारवाडच्या डिमहान्समध्ये, मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत, घेऊन गेली. तिथलं काय ते मावशींचं आहे, मी लिहीत नाही.

वर्गात काय बदललं

आमच्यातल्या एकांचं मत पडलं की ही प्रसंगात शिरायची पद्धत गावातल्या गटांत बंदच करावी. एका ज्येष्ठ फादरांना उलटी काळजी वाटली: हे सगळं फार मानसशास्त्राकडे झुकतंय, पवित्र आत्म्यावर विश्वास कुठं राहिला? दोघांचंही म्हणणं मी मनावर घेतलं आणि दोन्ही मला पटलं नाही. बंद केलं तर ज्यांना त्या पद्धतीनं येशूचा चेहरा पहिल्यांदा जवळून दिसला त्यांचं काय? आणि पवित्र आत्म्याचं म्हणाल तर, बायबलमधला संदेष्टा एलीया झाडाखाली मरण मागत पडला तेव्हा देवानं त्याला आधी दोनदा झोप आणि दोनदा भाकर दिली. डोंगरावरचा तो मंद, हळुवार आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी. शरीराची आणि मनाची काळजी घेणं म्हणजे आत्म्यावर अविश्वास, हे मी कधीच मान्य करणार नाही.

आता आमच्याकडे गट सुरू होण्याआधी प्रत्येकाला घरी जाऊन भेटायचं असतं. काय घडलंय ते विचारायचं नाही. विचारायचं एवढंच: गप्प बसणं तुम्हाला कधी जड जातं का, आणि असा काही विषय आहे का जो आम्ही आधी सांगितल्याशिवाय काढू नये. उत्तर 'हो' एवढं आलं तरी पुरतं. पुढच्या बैठकीचा उतारा आदल्या आठवड्यातच सांगायचा, म्हणजे नको असेल तर माणूस त्या दिवशी घरी राहू शकतो आणि कारणही द्यावं लागत नाही. दार लोटायचं नाही. डोळे मिटा असं म्हणायचं नाही, "मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर मेणबत्तीकडं बघा" असं म्हणायचं. 'श्वासाकडं लक्ष द्या' हेही आम्ही सरसकट सोडलं. ज्याचा श्वास एकदा पाण्यात किंवा ऑक्सिजनच्या नळीवर अडकलाय त्याला श्वासाकडं बघायला सांगणं म्हणजे परत तिथंच पाठवणं. त्याऐवजी तळहात, पायाखालची जमीन, बाहेरचे आवाज. आणि खोलीत गट चालवणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस असतो. त्याचं प्रार्थनेकडे लक्ष नसलं तरी चालतं, त्याचं काम माणसांकडे बघण्याचं. कुणाचा श्वास चढला, हात थरथरले, तर त्यानं जवळ जायचं, नावानं हाक मारायची, डोळे उघडायला सांगायचं, समोर दिसणाऱ्या चार वस्तूंची नावं घ्यायला लावायची, पाणी द्यायचं. बाईंच्या गटात हे काम आता त्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे आहे. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

फेरीचा नियम सगळ्यांत कडक झाला. आपल्याबद्दल बोलायचं, दुसऱ्याच्या अनुभवावर एक शब्द नाही, चांगलाही नाही. न बोलता पुढच्याला खूण केली तरी फेरी पूर्ण धरायची. ज्या गृहस्थांनी ते वाक्य म्हटलं होतं, त्यांना बाई एकट्यानं भेटल्या. त्यांना धक्का बसला. ते म्हणाले, त्यांचा मुलगा गेला तेव्हा त्यांनी स्वतः याच वाक्यावर दिवस काढले होते. एकाला तारणारं वाक्य दुसऱ्याला बुडवतं, आणि त्यात त्या बिचाऱ्या माणसाचा काही दोष नव्हता. दोष फेरी तशी मोकळी सोडणाऱ्या आमचा.

वादळाच्या उताऱ्याबद्दल बाईंनी नंतर मला एक गोष्ट दाखवली, ती माझ्या कधी लक्षात आली नव्हती. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू आधी विचारतो, का घाबरलात, आणि मग उठून वाऱ्याला दटावतो. मार्कमध्ये क्रम उलटा आहे. शिष्य ओरडतात, आम्ही बुडतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही, तेव्हा तो आधी उठतो, वारा थांबवतो, आणि प्रश्न नंतर विचारतो. बाईंनी नोंदवहीत माझ्या लाल ओळीखाली निळ्या पेनानं लिहिलं: 'आधी उठायचं.'

एकांतदिवस

गटाच्या उरलेल्या तीन बैठका बाईंनी लेक्सिओच्या पद्धतीनं घेतल्या. मावशी आल्या नाहीत. बाईंनी आग्रह केला नाही, पण दर आठवड्याला उतारा कोणता आहे ते निरोपानं कळवत राहिल्या. एकांतदिवस आम्ही भातकापणी आटोपल्यावर, आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, एका शनिवारी ठेवला. सकाळी साडेदहाला सुरू, कारण त्याआधी कुठलीही बाई घरातून निघू शकत नाही, आणि चारला संपवायचं, कारण गुरं. फोन एका टोपलीत. जेवण मौनात: भात, आमटी, लोणचं, वाढपी दोन पुरुष. नुसतं बसून कुणीतरी वाढलेलं जेवायचं, तेही न बोलता, यातच कितीजणींचे डोळे भरून आले. एक म्हातारी नंतर म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा गरम जेवले.

मावशी साडेअकराला आल्या. दाराबाहेर चपला काढल्या आणि आत न येता उंबऱ्याशी खुर्ची ओढून बसल्या, अर्ध्या आत, अर्ध्या पडवीत. बाईंनी मान हलवली, बाकी काही नाही. ऊन होतं. मावशींनी डोळे मिटले नाहीत. बहुतेक वेळ त्या अंगणातल्या वाळत घातलेल्या भाताकडे बघत होत्या आणि कोंबड्या आल्या की हातानं हुसकत होत्या. फेरी त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी शेजारणीला खूण केली, पुढं चला.

जाताना चपला घालता घालता त्या बाईंना म्हणाल्या, "ते होडीचं परत कधी वाचणार असाल तर मे महिन्यात वाचा. ओढा आटलेला असतो."

बाईंनी तिथंच पडवीत उभ्या उभ्या नोंदवही काढली आणि लिहून घेतलं.